उसाशाच्या पोटात

शर्वरीनं हातातल्या टॅबचा पडदा गोजराबाईच्या पुढ्यात, लसणाच्या सालींतच टेकवला आणि विचारलं, "आजी, हे काय असेल?"

गोजराबाईनं लगेच मान वर केली नाही. नातसुनेनं विचारलं आणि आपण धावलो, असं या घरात अजून घडलं नव्हतं. हातातली पाकळी सोलून झाली, ताटलीत पडली, मग तिनं पदराला बोटं पुसली आणि बघितलं.

पडद्यावर गावाबाहेरचा उसासा उभा होता. उभा म्हणजे, कातडं सोलून टांगल्यासारखा. दगडाच्या भिंती करड्या, मधली पोकळी निळी, आणि त्या निळ्यात एकावर एक रचलेल्या पिवळ्याधमक गोल वस्तू.

लसणाचा वास एकाएकी गोजराबाईच्या घशात गेला.

"घुबडाची अंडी असत्याल," ती म्हणाली आणि पुढची पाकळी उचलली.

भातसांगवीचा उसासा म्हणजे दोन पुरुष उंचीचा चौकोनी मनोरा. फार पूर्वी डोंगरातलं पाणी जमिनीखालून, भाजलेल्या मातीच्या नळांतून, किल्ल्यापर्यंत नेलं होतं. नळात हवा कोंडली की नळ फुटत. म्हणून वाटेत असे मनोरे बांधले. पाणी त्यांत वर चढायचं, हवा सोडायचं आणि पुन्हा खाली उतरून पुढं चालायचं. ते नळ घडवायचे कुंभारांनी, म्हणून कुंभारवाडा उसाशाला टेकूनच वसला. पाणी केव्हाच आटलं, किल्ल्यातले मालक गेले, सरकारनं 'संरक्षित' म्हणून निळी पाटी ठोकली. पण कुंभारवाड्यातल्या बायकांना विचाराल तर उसासा त्यांचाच होता, आणि गोजराबाईला विचाराल तर तिचा एकटीचा.

आठ महिन्यांपूर्वी शर्वरीच्या पुरातत्त्व कचेरीची माणसं येऊन उसाशाच्या चारी बाजूंना पाटाएवढ्या काळ्या फळ्या पुरून गेली होती. ना आवाज, ना दिवा. गोजराबाईनं तेव्हाच टोमणा मारला होता, की सरकारनं एवढे पाट मांडलेत, तर आता जेवायला कोण येणार? शर्वरीनं तिला समजावलं होतं, आणि समजावण्याची पोरीला हौसच होती. आभाळाच्या अगदी वरच्या थरावर दूरच्या ताऱ्यांकडून आलेले कण येऊन आदळतात, फुटतात आणि त्यांच्या ठिकऱ्यांतून म्यूऑन नावाचे बारीक कण अखंड खाली झरत राहतात. तळहात पसरला तर दर सेकंदाला एखादा त्यातून आरपार जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दगडातूनही ते जातात. पण दगड जितका जाड आणि जड, तितके जास्त कण वाटेत अडकतात. कुठल्या दिशेनं किती कण पोचले, हे त्या फळ्या महिनोन्‌महिने मोजतात. कमी पोचले तिथं भरीव, जास्त पोचले तिथं पोकळ. चाळणीतून पीठ पडताना चाळणीत कुठं काय अडकलंय ते खालच्या पिठावरून ओळखावं, तसंच. भिंतीला टाचणी न लावता भिंतीचं पोट दिसतं.

"मग बायामाणसानं कुठं लपायचं?" असं गोजराबाईनं विचारलं होतं. शर्वरी हसली होती. आता त्या प्रश्नावर हसणारं घरात कुणी नव्हतं.

कारण पुढचं काम असं होतं: राज्यातल्या प्रत्येक संरक्षित वास्तूची मोजमापं, जागा, आतलं चित्र, सगळं साफसूफ करून, ओळीत लावून जगापुढं खुलं ठेवायचं. कुणीही बघावं, उतरवून घ्यावं, वापरावं. कुणाची परवानगी नको. या तालुक्याचं ते काम शर्वरीकडं होतं आणि येत्या सोमवारी ते खुलं होणार होतं.

"हे चित्र तेवढं काढून टाक," गोजराबाई म्हणाली.

शर्वरीनं नकार दिला, आणि तो हलक्या मनानं दिला नाही. तिच्या माहेरच्या गावची जुनी वेस भर बाजाराच्या दिवशी कोसळली होती. वेस आतून पोखरली आहे हे ठेकेदाराला ठाऊक होतं, कचेरीला ठाऊक होतं. खाली भाजी घेत उभ्या असलेल्या शर्वरीच्या मावशीला तेवढं ठाऊक नव्हतं. त्यानंतर कायदा झाला, की भिंतीच्या आत काय आहे ते भिंतीखालून जाणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. शर्वरी त्या कायद्यावर देवासारखा विश्वास ठेवी. आज एक चित्र लपवलं तर उद्या तडाही लपेल, असं तिचं म्हणणं.

"आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे ना, आजी? मला सांगा. मी तसं लिहिते."

गोजराबाईनं सालींवर फुंकर मारली. तिच्या सासूनं तिला सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. पुरुषांना सांगायचं नाही आणि सुनेला सांगायचं तेही वेळ आली तरच. शर्वरीवर ती वेळ आली नव्हती. देवाची कृपा.

शेवटी शर्वरीनंच वाट काढली. प्रत्येक वास्तूच्या नोंदीत एक रकाना होता, 'स्थानिक माहिती'. गावातल्या जाणत्या माणसानं सांगितलेलं जसंच्या तसं त्यात लिहायचं, असा नियम. गोजराबाईचे डोळे चमकले. जन्मभर तिनं माणसं धाकात ठेवली होती, ती काही लाटण्यानं नव्हे, जिभेनं.

"लिही तर मग. ह्या उसाशाला राखण हाय. जो हात लावंल त्याचा वंश बुडंल. मागं एकानं लावला, तो रक्त ओकून मेला."

"कोण मेला?"

"मरंल की कुणीतरी. तू लिही."

शर्वरीनं लिहिलं. नियमच तसा होता. त्या रात्री गोजराबाई समाधानानं झोपली, आणि तिच्या साऱ्या आयुष्यात तिनं केलेली ही सगळ्यांत महाग चूक होती.

*

भुताखेताला साधा माणूस भितो. पण गुप्तधनाच्या मागं लागलेल्या माणसाला राखण म्हणजे पावतीच वाटते. काहीतरी आहे, म्हणून तर कुणी राखतंय! हे गोजराबाईला कळायला हवं होतं. तिच्या माहेरी एकानं याच नादात स्वतःची विहीर ढासळून घेतली होती. पण भीतीनं पछाडलेल्या माणसाला दुसऱ्यालाही भीतीच वाटेल असं वाटतं.

सोमवारी नोंदी खुल्या झाल्या. बुधवारपर्यंत कुण्या हुशार रिकामटेकड्यानं त्या सगळ्या एका यंत्रबुद्धीला चारल्या. ती दमत नाही, लाजत नाही. हजारो वास्तूंच्या नोंदी चाळून तिनं हवं ते वेचलं. पोकळी कुठं आहे, पोकळीत गोल वस्तू कुठं आहेत आणि गावकरी भीती कुठं घालतात. तिन्ही एकत्र असलेली जागा राज्यात एकच निघाली. भातसांगवी.

आणि चित्रात तर ते पिवळे हंडे दिसतच होते. खरं म्हणजे कचेरीच्या ठरलेल्या रंगांत पिवळा म्हणजे सगळ्यांत हलकी वस्तू. सोनं असतं तर ते गडद लाल दिसलं असतं. चित्राच्या कोपऱ्यात तसं लिहिलंही होतं. कोपऱ्यातलं कोण वाचतं?

पहिल्यांदा उसाशाच्या पायाशी लिंबं आणि कुंकू सापडलं. मग हातभर खड्डा. मग गाड्या येऊ लागल्या. लांबलांबच्या गावांची माणसं उसाशाला हात लावून फोटो काढत, कुंभारवाड्यातल्या आव्यावरची, मडकी भाजायच्या भट्टीवरची, राख पुडीत बांधून नेत. ठाण्यानं एक होमगार्ड बसवला. तो दोन दिवसांनी स्वतःच दगडाला कान लावून बसलेला गोजराबाईनं पाहिला.

शर्वरीनं राखणीचं वाक्य काढून टाकलं आणि नोंद नव्यानं टाकली. त्यावर लोक म्हणाले, बघा, सरकारनं खूण पुसली. म्हणजे माल पक्का आहे. जुनी नोंद तोवर कुठं कुठं उतरवून घेतली गेली होती. खुली केलेली गोष्ट परत घेता येत नाही, हे शर्वरी प्रशिक्षणात इतरांना शिकवायची. आता ती रोज पहाटे उठून तेच वाक्य कुठल्या नव्या जागी उगवलंय ते शोधायची, आणि तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं.

"दोघींनी मिळून केलंय," गोजराबाई तिला म्हणाली. एवढंच म्हणाली. पण शर्वरी तिच्याकडं बघत राहिली, कारण गोजराबाईनं चुकीत स्वतःचा वाटा घेतलेला या घरानं पहिल्यांदाच ऐकला होता.

*

तो माणूस भर दुपारी आला. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा, बोलणं लोण्यासारखं. आधी त्यानं पाणी मागितलं, मग आव्याची चौकशी केली, मग अंगणात ठिकरीनं खेळणाऱ्या किमयाकडं बघून हसला.

किमया शर्वरीची लेक, सहा वर्षांची. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसानं पाठीत लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण जाते असं लोक मानतात, आणि गोजराबाईला पणतीचं कोण अप्रूप! दर रविवारी ती दारात पाट टाकून बसायची. वाकलेल्या बाया-बाप्यांच्या पाठीत किमयाच्या तीन लाथा घालायच्या, पोरगी खिदळायची, माणसं हात जोडून जायची. सगळ्या तालुक्याला कुंभारांची पायाळू पोर ठाऊक झाली ती अशी, पणजीच्या मिरवण्यानं.

पण पायाळूबद्दल आणखी एक मानतात. जमिनीतलं धन पायाळूला दिसतं. आणि राखण असली तर ती उतरवायला पायाळूचं रक्त...

"आजी, हीच का ती?" त्या माणसानं विचारलं. "एक दिवस फक्त न्यायची. सकाळी नेतो, संध्याकाळी आणून सोडतो."

गोजराबाई उठली. गुडघे वाजले, तरी ताठ उठली.

"तुझ्या आईला इचार, तुला जन्म देताना तिनं डोकं कुठं ठेवलं व्हतं," ती म्हणाली. "आन्‌ पुडा उचल. आमच्यात मेलेल्या घरचं खात न्हाईत."

तो उठला, हसतच. जाताना त्यानं किमयाला नावानं हाक मारली.

गोजराबाईनं पोरीला आत ओढलं, कडी घातली आणि दाराला पाटा टेकवला.

ठाण्यात शर्वरी दोनदा गेली. नाव नाही, गाडीचा नंबर नाही; पेढे देणं गुन्हा नव्हे. चाकणला नोकरीला असलेला नातू, शर्वरीचा नवरा, फोनवर म्हणाला, दोघींना इकडं घेऊन येतो. पण किमयाचं नाव आता त्या वाक्याच्या शेजारीच छापलेलं शर्वरीला सापडलं. 'राखण उतरवायला पायाळू त्याच गावात.' ते वाक्य चाकणलाही वाचता येत होतं.

तेव्हा गोजराबाईनं नातसुनेला चुलीपाशी बसवलं आणि वेळ आली नसताना ती गोष्ट सांगितली.

कुंभारांच्या वाट्याला गावानं दिलेली पुरायची जागा ओढ्याकाठची, वाळूची. पाचवी पुजायच्या आत गेलेली तान्ही पोरं जाळत नाहीत, पुरतात. ओढ्यातली कोल्ही ती उकरून काढायची. आईला दुसऱ्या दिवशी काय दिसायचं ते गोजराबाईनं सांगितलं नाही. मग कधीतरी, कुणा शहाण्या बाईनं, आटलेल्या उसाशाकडं बघितलं. तेव्हापासून लेकरू गेलं की सासू चाकावर नाही, नुसत्या हातानं मडकं घडवायची. भाजायचं नाही, लेकराला जगाची आच लागली नव्हती, मडक्यालाही लागू द्यायची नाही. लेकरू त्यात निजवून झरोक्यातून दोरीनं आत सोडायचं आणि झरोका चुन्यानं लिंपून टाकायचा. कोल्ह्याचं तोंड पोचत नाही अशी गावात ती एकच जागा होती.

"माझा थोरला हाय त्यात," गोजराबाई म्हणाली. "तीन दिसांचा. तुझा सासरा त्याच्या पाठचा."

शर्वरीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग तिनं दबक्या आवाजात विचारलं, हेच नोंदीत लिहिलं तर?

"लिही. मग म्हणत्याल, पोरांचे बळी देऊन पुरलंय, मजी सोनं लई असंल." गोजराबाईनं विस्तवावर पाणी मारलं. "लिवून झालं आता. आता दावावं लागंल."

*

तिनं सगळ्यांना बोलावलं. शर्वरीकरवी, त्याच जागी, जिथं ते वाक्य फिरत होतं. गुरुवारी सकाळी उसासा उघडणार, ज्याला बघायचं त्यानं यावं, राखण मी स्वतः आहे, असं खाली आपलं नाव घालून. संरक्षित वास्तूची भिंत फोडणं हा तुरुंगाचा गुन्हा, हे शर्वरीनं तिला स्वच्छ सांगितलं. माझी नोकरी जाईल, हेही सांगितलं. आणि मग स्वतःच कॅमेरा चार्जिंगला लावला.

गोजराबाईची जाऊ ठकूबाई, नव्वदीला टेकलेली, हे ऐकून आधी तोंडाला पदर लावून बसली. मग म्हणाली, "तुझ्या जिभेनं उभा जन्म मला जाळलं, गोजरे. आता आत निजलेल्यांनाबी उठवलंस."

"उठवलं," गोजराबाई म्हणाली. "चल, संगं चल. एकटीच्यानं व्हायचं न्हाई."

माणूस मावत नव्हता इतकी गर्दी जमली. मागच्या फळीत पांढरे कपडेही दिसले. गोजराबाईनं छिन्नी स्वतः धरली. हातोडा विमलनं, ठकूबाईच्या सुनेनं. लिंपलेला चुना खपल्या निघाव्या तसा निघाला आणि आतली कोंडलेली हवा बाहेर आली. कोरडी, मातकट, आव्याजवळ असते तशी. गर्दी पुढं रेटली. विमलनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पहिलं मडकं बाहेर आलं.

ते ठकूबाईचं होतं. सगळ्यांत वर असणारच. तिच्यानंतर बायका दवाखान्यात जाऊ लागल्या. शेजारीच कुंभारांची मातीची खाण होती, पाण्यानं भरलेली. ठकूबाई काठावर बसली आणि तिनं मडकं पाण्यात धरलं. कच्ची माती ती. कडा मऊ पडली, पोट खचलं, बघता बघता सगळं मडकं गाळ होऊन तिच्या बोटांतून उतरलं. हातात राहिली एक फडक्याची चिंधी, आणि तिच्यात चिमणीच्या घरट्यातल्या काड्यांसारखं काहीतरी. मग तीही तिनं पाण्यात सोडली.

शेकडो मोबाइल वर धरलेले होते. एक हात खाली आला. मग दुसरा. कुणीतरी टोपी काढली. मागून एक आवाज मात्र आला, की हे वरचे झाले, खालचे बघू द्या.

"बघ," गोजराबाई म्हणाली. "शेवटपर्यंत बघ. गेलास तर तुझ्या आईची शपथ हाय तुला."

आपलं मडकं तिनं हात लागताच ओळखलं. सासूचं मधलं बोट वाकडं होतं. प्रत्येक मडक्याच्या गळ्याशी तिच्या चार बोटांचा ठसा, मधला तिरपा. गोजराबाईनं ते छातीशी धरलं आणि तिला धक्का बसला तो त्याच्या वजनाचा. वजनच नव्हतं. इतकी वर्षं ती जे उरावर घेऊन वावरली, ते ओंजळभर भुशाइतकं हलकं होतं. यंत्रानं पिवळं दाखवलं ते खरंच दाखवलं होतं.

तिनं ते फोडून कुणाला दाखवलं नाही. गुडघाभर पाण्यात उतरली, मडकं पाण्याखाली नेलं आणि माती सुटेपर्यंत कालवत राहिली. चेहरा गर्दीकडं नव्हता, म्हणून त्या वेळचं चित्र कुणाकडंच नाही.

तळाची मडकी ज्यांची होती त्या बायका केव्हाच गेलेल्या. ती घ्यायला कुणी पुढं होईना. तेव्हा शर्वरीनं कॅमेरा ठकूबाईच्या मांडीवर ठेवला, साडीचा काठ खोचला आणि विमलच्या हातातून एक घेतलं. मग आणखी एक. दुपार झाली तेव्हा खाणीचं पाणी गढूळ झालं होतं आणि उसासा रिकामा.

*

निम्म्या लोकांनी विश्वास ठेवला. उरलेले म्हणाले, खरे हंडे म्हातारीनं आधीच हलवले, हा देखावा होता. आठवड्याभरात कुणीतरी खाणीतला गाळ उपसून चाळला. चाळणी तिथंच टाकून गेले. गोजराबाईनं ती उचलली नाही, कुणाला उचलू दिली नाही.

तिच्यावर खटला उभा राहिला. शर्वरीनं स्वतः नोंद केली. वास्तूचं नुकसान, नुकसानीची जागा, नुकसान करणाऱ्या व्यक्तीचं नाव. गोजराबाईनं ते वाचून घेतलं आणि नावापुढं 'बाई' राहिलंय, तेवढं घालायला लावलं. शर्वरीला कामावरून काढण्याची चौकशी सुरू झाली. निकालापर्यंत तालुका तिच्याकडंच होता, कारण दुसरं कुणी तो घ्यायला तयार नव्हतं.

किमया शाळेत जाई, पण शर्वरी तिला सोडी आणि शर्वरीच आणी, आणि मधल्या वेळात गोजराबाई दारात बसून रस्त्यावरचा प्रत्येक पांढरा सदरा मोजी. रविवारचा पाट अंगणातून उचलला गेला. एकदा कंबर धरून एक म्हातारा आला, तर गोजराबाईनं त्याला सांगितलं, की पोरीचे पाय आता साधे झालेत. किमयानं आतून ते ऐकलं आणि रात्रभर स्वतःचे पाय पांघरुणात ओढून झोपली.

फळ्यांनी पुन्हा मोजलं. नवं चित्र आलं तेव्हा गोजराबाई लसूणच सोलत होती. करड्या भिंती, एका बाजूला भगदाड, आणि आत वरपासून खालपर्यंत नुसता निळा रंग. शर्वरीनं पडदा पुढं ठेवला. 'स्थानिक माहिती'चा रकाना कोरा होता. जुनी नोंद जगभर फिरतेच आहे, ती मरायची नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण हा रकाना भरल्याशिवाय नवी पुढं जात नव्हती.

"काय लिहू? आत काही नाही, असं लिहू?"

गोजराबाईनं त्या निळ्याकडं बघितलं. बोटाला लसूण झोंबत होता.

"काही न्हाई असं नगं लिहू," ती म्हणाली. "कुणी न्हाई, असं लिही."